खंड बावीस, अंक तीन

विश्वामित्रीतल्या मगरी अंडी घालतात
ती किती खोल, आणि तिथली माती किती ऊब धरते,
एवढंच मला हवं होतं.
संगणकानं अठ्ठेचाळीस हजार उत्तरं दिली.
नाईलचं खोरं, फ्लोरिडाची दलदल,
कातडी पर्सेसचे भाव,
आणि कुणा पुढाऱ्याच्या नक्राश्रूंवर अग्रलेख.

हेमांगिनीबेन खुर्चीसकट सरकत आल्या.
चष्मा कपाळावर, बोटांना वाळलेला डिंक.
"आखो दरियो शुं काम गाळे छे, बेटा?"
मग माझ्यासाठी, त्यांच्या मराठीत:
"आधी घर शोधायचा. पछी खोली. पछी कपाट.
गावाच्या नावानं हाक मारून
माणूस मिळते काय?"

मी घराचं नाव टाकलं:
पश्चिम भारत प्राणिशास्त्र त्रैमासिक.
तशी एक लहान चौकट उघडली,
तिच्यावर लिहिलेलं: फक्त यातच शोधा.
त्या 'यातच'नं इतकं हायसं वाटलं,
परीक्षेच्या हॉलात
आपला नंबर खडूनं लिहिलेलं बाक दिसावं तसं.

सत्त्याण्णवनंतरचं सगळं पडद्यावर होतं.
त्याआधीचं तळघरात.
माझं एक्क्याऐंशीचं.

तळघरातली कपाटं रुळांवर एकमेकांना चिकटून उभी.
रसवंतीच्या चरकासारखं चाक फिरवलं
की दोघांमध्ये माणूस मावेल इतकी गल्ली होते.
"मी आत आहे हं," असं मोठ्यानं सांगून शिरायचं,
नाहीतर पलीकडचा कुणी दुसरी गल्ली उघडेल
आणि आपण कायमचे बांधीव खंड.

एकोणीस. वीस. एकवीस. तेवीस.
बावीस आडवा पडला होता, सगळ्यांच्या मागे,
लाल रेक्झिन, पाठीवर सोनेरी आकडा, अर्धा.
अनुक्रमणिकेत लेख होता. लेखक होता. पान चारशे अकरा.
मी पानं उलटत गेले
आणि चारशे दहानंतर
चारशे एकोणीस आलं.

शिवणीजवळ ब्लेडची सरळ रेघ.
चार पानं. आठ पृष्ठं.
हात सराईत होता, धागा हललासुद्धा नव्हता.

मी शिवी दिली, हळू, ग्रंथालयात देतात तेवढी.
मग बघितलं:
चारशे एकोणीसच्या माथ्यावर लेखाची शेपटी उरली होती.
तीन संदर्भ, आणि खाली बारीक टाइपात
पंपहाउसवरच्या रात्रपाळीचे सोमाभाई पढियार यांचे आभार,
ज्यांनी तीन उन्हाळे अंडी मोजली
आणि एकदाही घरट्याची जागा गावात सांगितली नाही.
त्याखाली रेघ.
मग खेकड्यांवरचा पुढचा लेख, जणू काही झालंच नव्हतं.

वर येऊन मी लहान चौकटीत
पढियार टाकलं. शून्य.
"जोडणी बदल," हेमांगिनीबेन म्हणाल्या.
पढिआर. पाढियार. पढीयार.
शून्य, शून्य, शून्य.
"सूचीत लिहिणाऱ्यांची नावं असतात.
मोजणारे नाही येत त्यात,"
असं म्हणून त्यांनी दुसऱ्या ग्रंथालयाकडे मागणीचा अर्ज काढला.
नियतकालिक, वर्ष, खंड, अंक, पृष्ठं,
सगळे रकाने मला आता पाठ होते.
"पुण्याला असेल. नाही तर कोलकाता.
महिना लागेल."
आणि स्वतःच्या नोंदीत पेन्सिलीनं लिहिलं:
आठ पृष्ठं नाहीत. कोणी नेली, माहीत नाही.

पावणेसहाला स्कूटर पुलावर थांबवली.
खाली गाळात एक पडली होती, जबडा उघडा,
पाठीवर बगळा.
काठावर मातीचा एक उंचवटा दिसला.
घरटं असेल, नसेलही.
शेजारच्या भेळवाल्यानं विचारलं, "शुं जुओ छो?"
"कांई नहीं," मी म्हटलं.

अर्जाला उत्तर अजून आलेलं नाही.
प्रबंधाच्या संदर्भसूचीत तूर्त लिहिलंय:
खंड २२, अंक ३, पृ. ४११–४१९.
पैकी पाहिले फक्त ४१९.